मातृभाषा : मराठी
(शाळेच्या रजिस्टरातल्या एका रकान्याची समीक्षा)

मराठीत समीक्षा उदंड आहे. कवितेची होते, कादंबरीची होते, प्रस्तावनांची होते, समीक्षेचीही समीक्षा होते. पण आपल्या वस्तीत जो छापील मजकूर सर्वांत जास्त जपला जातो, त्याची समीक्षा केलेली माझ्या वाचनात आलेली नाही. हा मजकूर पत्र्याच्या पेटीत असतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो, बाबासाहेबांच्या तसबिरीमागं खोचलेला असतो. पावसाचं पाणी घरात शिरलं की बाया आधी तो उचलतात, मग भांडीकुंडी. त्याचं नाव शाळा सोडल्याचा दाखला.

दाखला हे आपल्यातल्या बहुतेकांचं पहिलं आत्मचरित्र. फरक इतकाच की ते दुसऱ्यानं लिहिलेलं असतं आणि त्याच्यावर गोल शिक्का असतो. खाली दमही भरलेला असतो की यात अनधिकृत बदल केला तर कायदेशीर कारवाई होईल. पोथीत फेरफार केला तर पाप लागतं म्हणायचे, दाखल्यात केला तर पोलीस येतात.

दाखला उतरतो जनरल रजिस्टरातून. रजिस्टर भरतात प्रवेशाच्या दिवशी, पालकानं दिलेल्या माहितीवरून. निदान नियम तसा आहे. विद्यार्थ्याचं नाव, आईचं नाव, राष्ट्रीयत्व, मातृभाषा, धर्म, जात, पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. मग शेवटाकडं प्रगती, वर्तणूक, शाळा सोडण्याचं कारण, शेरा. एवढ्यात माणूस संपला. हा मजकूर मी साहित्यकृती धरून वाचणार आहे. यात बोलतं कोण, गप्प कोण, कुठला प्रश्न तीनदा विचारलाय आणि कुठला एकदाही विचारलेला नाही, एवढंच बघायचंय.

गेली काही वर्षं जून महिन्यात रात्रपाळी उतरली की मी आमच्या भागातल्या दोन-चार घरांबरोबर शाळेत जातो. आमच्या सूतगिरणीमागच्या माळावर वडार आणि कैकाडी लोकांच्या झोपड्या आहेत. बाया म्हणतात, "भाऊ, तुला लिवता येतं, तू चल." मी जातो. टेबलापलीकडं गुरुजी किंवा क्लार्क, अलीकडं आपण उभे. मधे रजिस्टर. बोलणं असं चालतं :

"जात?"

"वडार."

"वडार माहितीय हो. पोटजात काय? गाडी, माती, का मण?"

"माती."

"बापाचा जातीचा दाखला आणलाय? आजोबाचा शाळेचा उतारा?"

"आजा कुठला जातोय सायेब साळंत. दगड फोडायचा त्यो."

जात तीनदा विचारली. उलटसुलट विचारली. कागद मागितला, कागदाचा कागद मागितला. मातृभाषेच्या रकान्यापाशी मात्र पेन थांबलंसुद्धा नाही. मान वर न करता लिहिलं : मराठी. मी म्हणालो, "गुरुजी, यांच्या घरात वडारी बोलतात. तेलुगूच्या जवळची भाषा आहे. पोराला मराठी अजून नीट येत नाही." ते म्हणाले, "अहो, लिपी नाही त्या भाषेला. मराठीच लिहायचं असतं. सगळ्यांचं तसंच लिहितो." त्यांच्या आवाजात दुष्टावा नव्हता. कंटाळा होता. आणि शेजारी उभी असलेली पोराची आई माझी बाही ओढून हळूच म्हणाली, "लिवू दे की रं भाऊ मराठीच. नायतर पोराला हसत्याल."

या लेखात मला जे सांगायचंय ते या दोन वाक्यांच्या मधे आहे. गुरुजीचं "तसंच लिहितो" आणि आईचं "हसत्याल". एकानं विचारलं नाही आणि दुसरीनं सांगितलं नाही. दोघांच्या संमतीनं एक खोटी नोंद शाईत उतरली.

आता पहिला मुद्दा जातीच्या रकान्याचा, कारण तो साफ केल्याशिवाय भाषेच्या रकान्याकडं जाता येणार नाही. दरवर्षी कुणीतरी पांढरपेशा सुधारक पेपरात लिहितो की शाळेच्या अर्जातून जात काढून टाका, म्हणजे जात जाईल. आपल्यातलेही काही तरुण टाळ्या वाजवतात. मित्रांनो, जरा दमानं घ्या. १८५६ च्या जून महिन्यात धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाच्या प्रवेशासाठी अर्ज गेला आणि मुंबई सरकारनं तो नाकारला. तेव्हा अर्जात रकाना होता की नाही हा प्रश्नच नव्हता. जात सगळ्यांना पाठ होती. वगळायला रकाना लागत नाही. हिशेब मागायला मात्र लागतो.

१२ मार्च १९२७ ला बाबासाहेब मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलले. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त १८ पोचतात, बाकीची ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात, हे त्यांनी आकड्यानं मांडलं. कुठल्या वर्गाची किती मुलं शाळेत आहेत याची तुलना मांडली. हे आकडे आले कुठून? गावोगावच्या शाळांतल्या रजिस्टरांतून. ज्या वहीनं आपल्याला दाराबाहेर बसवलं, त्याच वहीची बेरीज करून बाबासाहेबांनी सरकारला जाब विचारला. म्हणून रकाना फाडा म्हणणाऱ्याला विचारा, बाबा, मग उद्या जाब कशाच्या जोरावर विचारू?

आणि आजही या रकान्याचं वजन बघा. जातीच्या प्रमाणपत्रासाठी अनुसूचित जातीच्या माणसाला १० ऑगस्ट १९५० च्या आधी घराणं महाराष्ट्रात होतं याचा पुरावा द्यावा लागतो, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. पुरावा म्हणून सर्वांत आधी काय मागतात? आजोबाच्या शाळेचा उतारा. ज्याच्या आजोबाला शाळेनं दारात उभं केलं नाही, त्याच्या नातवाला शाळा विचारते, आजोबाचा उतारा कुठाय? २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली, तेव्हा जुनी शाळा-रजिस्टरंही कपाटातून बाहेर आली. या वहीतल्या एका ओळीचं मोल काय असतं ते तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला कळलं. आपल्याला ते आधीपासून माहीत होतं.

धर्माच्या रकान्याचंही तेच. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपण बौद्ध झालो. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींत बौद्धांना जागा नव्हती, ती मिळाली १९९० साली. मधली चौतीस वर्षं हजारो बापांनी शाळेच्या टेबलापाशी उभं राहून हिशेब केला. "बौद्ध" लिहावं तर पोराच्या केंद्राच्या सवलती जातात, "हिंदू महार" लिहावं तर दीक्षाभूमीवर घेतलेली शपथ मोडते. घरात पंचशील, रजिस्टरात हिंदू. पुढची पिढी त्या नोंदीवरून बापाला नावं ठेवते. मी ठेवणार नाही. अर्जच असा छापला होता की खरं बोलणाऱ्याचं पोट मारलं जाईल. माहिती गोळा करणारा जेव्हा खऱ्या उत्तराला शिक्षा ठेवतो, तेव्हा खोट्या उत्तराचा दोष सांगणाऱ्यावर टाकता येत नाही.

व्यवसायाचा रकाना घ्या. अस्वच्छ व्यवसायात काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी एक शिष्यवृत्ती आहे. मिळाली पाहिजे, हक्काची आहे. पण ती घ्यायची तर बाप काय काम करतो याचा दाखला पोरानं वर्गात नेऊन द्यायचा. पैसे येतात वर्षातून एकदा. नाव मात्र वर्षभर चिकटतं. माहिती मागण्याला माझा विरोध नाही. ती चाळीस पोरांसमोर मागण्याला आहे.

आता आपल्या साहित्याकडं येऊ. दलित आत्मकथनांवर खूप लिहून झालंय. वेदना, विद्रोह, नकार हे शब्द झिजून गुळगुळीत झाले. मला ती पुस्तकं वेगळी दिसतात. मला ती शाळेच्या रजिस्टराला दिलेली उत्तरं वाटतात. एकेका लेखकानं एकेक रकाना धरलाय.

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) बापाच्या नावाचा रकाना आहे. शाळेत नाव घालताना बाप कोण हा प्रश्न येतो, मास्तर खरं नाव लिहितात आणि ज्याचं नाव लिहिलं तो माणूस ते खोडायला शाळेत येतो. मास्तर खोडत नाहीत. एका ओळीच्या नोंदीवरून एवढी धावपळ. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त (१९८७) जन्मतारीख आणि गाव हे रकाने आहेत. ज्या जमातीवर १८७१ च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारला, तिच्या पोरानं तारीख आणि गाव आणायचं कुठून? लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (१९८०) कायमचा पत्ता हा रकाना आहे. गाढवावर बिऱ्हाड, आज हे गाव उद्या ते, शाळा सुरू होते तोवर मुक्काम हलतो. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर'मध्ये (१९९४) मधल्या जागेवर आईचं नाव आहे. सरकारला ती अक्कल तीस वर्षांनी आली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, शाळेच्या कागदांसकट, आईचं नाव लावायचं असा निर्णय झाला. आधी पुस्तकानं रकाना भरला, मग सरकारनं छापला. साहित्यानं काय होतं विचारणाऱ्यांना हे सांगा.

आणि जात? तिचं शीर्षकच बाबुराव बागुलांनी १९६३ साली देऊन ठेवलंय : 'जेव्हा मी जात चोरली होती'.

बाप झाला, गाव झालं, तारीख झाली, जात झाली. मातृभाषेच्या रकान्याला मात्र आपणसुद्धा भिडलो नाही. तसे आपण भाषेवर खूप बोललो. ढसाळांच्या 'गोलपिठा'तली (१९७२) भाषा ही भाषाच नाही म्हणणाऱ्यांशी भांडलो. पण ते भांडण साहित्याच्या मांडवातलं होतं. शाळेच्या टेबलावर ते आपण नेलं नाही. तिथं आपणही मुकाट "मराठी" लिहून मोकळे झालो. जात चोरलेली माणसाला आयुष्यभर टोचते. भाषा चोरली जाते तेव्हा कळतही नाही, कारण ती दुसराच चोरतो आणि पावती आपल्या नावावर फाडतो.

"मराठी" या एका शब्दाखाली काय काय पुरलंय ते मोजा. कैकाडी ही तमिळच्या कुळातली, म्हणजे द्राविडी भाषा. वडारी तेलुगूच्या जवळची. पारध्यांची बोली गुजरातीच्या वाटेची. तांड्यावरचं पोर आईला याडी म्हणतं, त्याची भाषा गोरमाटी. मेळघाटातलं कोरकू, गडचिरोलीतलं गोंडी, नंदुरबारकडची भिली. खानदेशात मुलाला आंडोर म्हणतात, ती अहिराणी. शिरगणतीचं वर्तनही फार वेगळं नाही. १९६१ च्या शिरगणतीत १६५२ मातृभाषा नोंदल्या होत्या. २०११ ला लोकांनी साडेएकोणीस हजारांच्या वर नावं सांगितली, ती चाळून १३६९ केली आणि त्यांतून भाषा धरल्या १२१. बत्तीस लाखांहून जास्त लोकांनी सांगितलेली लंबाडी म्हणजे बंजारा भाषा हिंदीच्या पोटात टाकली. भिली बोलणारे एक कोटीच्या वर आहेत, तरी ती आठव्या अनुसूचीत नाही. म्हणजे वरच्या टेबलावरही तेच : तुम्ही सांगा, आम्ही आम्हाला पाहिजे ते लिहितो.

शाळेची वही आता संगणकात गेलीय. २०१५ पासून राज्यात सरल आलं. देशाच्या युडायस-प्लसमध्ये २०२२-२३ पासून एकेका मुलाची स्वतंत्र नोंद होते. त्यात मातृभाषा यादीतून निवडायची. यादीत नसेल तर "इतर". गावकुसाबाहेरच्यांना संगणकानंही जागा कुठं दिली बघा, "इतर"मध्ये. आता अपार क्रमांक आलाय, त्याला पालकांची संमती लागते. संमतीचा कागद शाळेच्या पालकसभेत वाटतात, बाया अंगठा देतात नाहीतर सही करतात, वाचून कुणी दाखवत नाही. संमती म्हणजे काय, तर "इथं सही करा ताई".

कुणी म्हणेल, ठीक आहे, हा भटक्या-आदिवासींचा प्रश्न झाला, आपली बौद्ध वस्तीतली पोरं तर मराठीच बोलतात. मित्रा, तुझं पोर घरात "पानी दे" म्हणतं. शाळेत पानी चुकलं, पाणी बरोबर. "व्हतं" चुकलं, "न्हाई" चुकलं, "म्या" चुकलं. घरात आजी जे बोलते ते सगळं लाल शाईखाली. रजिस्टर म्हणतं मातृभाषा मराठी, वही तपासणारा म्हणतो ही मराठीच नव्हे. दोन्ही एकाच शाळेत, एकाच छताखाली. रकान्यात आपण मराठी आहोत आणि बाकावर अशुद्ध. वडार पोराची भाषा नाव चुकवून मारली, आपली नाव देऊन. जखम एकच आहे. म्हणून हा लढा त्यांचा वेगळा आणि आपला वेगळा असं होऊच शकत नाही.

यात नुकसान काय, एक शब्द इकडचा तिकडं, असं वाटत असेल तर कायदा वाचा. १९५६ साली, म्हणजे आपण दीक्षा घेतली त्याच वर्षी, घटनेत ३५०-क हे कलम आलं : भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून राज्यानं सोयी कराव्यात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ म्हणतं, शक्य तिथवर माध्यम मुलाची मातृभाषा असावं. २०२० चं शैक्षणिक धोरण म्हणतं, शक्य तिथं निदान पाचवीपर्यंत घरची भाषा. शब्द चांगले आहेत. पण मुलाची मातृभाषा कुठली हे सरकारला कळणार कसं? त्या रकान्यावरून. आणि रकान्यात आहे मराठी, शाळाही मराठी. कायदा पाळला गेला! एकही जादा शिक्षक नको, एकही पुस्तक नको, बोली जाणणारी एखादी बाई मदतीला नको. ती खोटी नोंद म्हणजे आळस वाटतो ना? आळस नाही. ती सरकारची बचत आहे. गिरणीत मस्टरवर ज्याचं नाव नाही त्याला पगार नाही, तसं रजिस्टरात जी भाषा नाही तिला शिक्षक नाही.

२०२५ साली पहिलीपासून हिंदी शिकवायचा शासन निर्णय निघाला. महाराष्ट्र पेटला, मोर्चाची हाक गेली, जूनअखेर सरकारनं निर्णय मागं घेतला. पोरांवर परकी भाषा लादू नका, हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. पण त्या गदारोळात, कैकाडी पोरावर पहिल्या दिवशी मराठी येते तेव्हा तीही त्याला परकीच असते, हे वाक्य एकाही भाषणात मला ऐकू आलं नाही.

आता जरा अमेरिकेकडं बघू, कारण १९७२ साली दलित पँथरनं नाव घेतलं ते तिथल्या काळ्या पँथरांवरून, आणि तो धागा फक्त घोषणांपुरता नाही. १९७४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सॅन फ्रान्सिस्कोमधल्या चिनी मुलांच्या बाजूनं निकाल दिला. सुमारे १८०० मुलांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्यांच्यासाठी वेगळं काही केलं जात नव्हतं. न्यायालय म्हणालं, सगळ्यांना एकच पुस्तक आणि एकच मास्तर दिला म्हणजे समान वागणूक झाली असं नाही. त्यानंतर तिथल्या शाळांत प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेचा कागद भरून घ्यायची पद्धत पसरली. मूल आधी कुठल्या भाषेत बोलायला लागलं, घरात कुठली बोलतात, असे सरळ प्रश्न.

पण काळ्यांच्या मुलांना तो कागद पुरला नाही, कारण त्यांच्या घरची भाषा कागदावर इंग्रजीच. आपल्या "पानी"सारखीच गत. मिशिगनमधल्या ॲन आर्बर गावात गरीब काळ्या वस्तीतल्या आयांनी शाळेवर दावा लावला. शाळेचं नाव मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरून! १९७९ साली न्यायाधीशांनी सांगितलं की या मुलांच्या घरची बोली शिक्षकांनी ओळखली नाही तर तीच शिकण्यातली भिंत होते, आणि शिक्षकांना ती ओळखायचं शिक्षण द्या. नीट बघा : पोरांना सुधारा असं सांगितलं नाही, मास्तरांना शिकवा असं सांगितलं. आणि हेही खरं की तिथंही काही आईबाप घरची भाषा लपवून कागदावर इंग्रजी लिहितात. पोराला वेगळ्या वर्गात टाकतील ही भीती. म्हणजे "हसत्याल" म्हणणारी आई फक्त आमच्या माळावर नाही.

ती भीती खोटी नाही, आणि आपण कार्यकर्ते म्हणून तिच्यावर भाषण ठोकता कामा नये. जातीच्या रकान्यानं तिला शिकवलंय की जे सांगावं ते उद्या आपल्यावरच फिरतं. शिष्यवृत्तीचा कागद आला की वर्गात हाळी होते, "अमक्याची पोरं उभी राहा." आता भाषाही सांगितली की तीही वर्गात ओरडली जाईल, हा तिचा अंदाज आहे. त्या बाईचा अंदाज बदलायचा तर आधी शाळेची वागणूक बदलावी लागेल.

दाखल्याचं शेवटचं पान राहिलं. शाळा सोडण्याचं कारण, हा रकाना. मी आमच्या वस्तीतले बरेच दाखले पाहिलेत. कारण जवळपास एकच : "पालकांचे विनंतीवरून." कुठल्या पालकानं विनंती केली? पोरगं दुसरीत मुकं बसायचं, तिसरीत मार खायचं, चौथीत यायचंच बंद झालं. त्याच्या आईनं कुणालाच विनंती केली नव्हती. पहिल्या पानावर तिला न विचारता भाषा लिहिली, शेवटच्या पानावर तिला न विचारता विनंती लिहिली. मधल्या पानांत पोर गेलं. बाबासाहेबांनी १९२७ ला सांगितलेल्या त्या ८२ मुलांची कारणं कुठल्या रकान्यात होती? अजून तो रकाना छापलेला नाही.

म्हणून काय करायचं ते लिहितो. मोर्चा काढा म्हणत नाही, त्याची वेळ येईल तेव्हा काढू.

एक. जूनमध्ये प्रत्येक वस्तीतून दोन पोरं शाळेच्या टेबलापाशी उभी करा. रजिस्टर भरलं की पालकाला मोठ्यानं वाचून दाखवा म्हणून सांगा. चूक असेल तर मूल शाळेत आहे तोवर मुख्याध्यापकाकडं अर्ज देता येतो, शाळा सुटल्यावर दुरुस्तीला चपला झिजतात.

दोन. मातृभाषा काय, असं नुसतं विचारू नका. आपल्या लोकांना वाटतं शाळेची जी भाषा तीच सांगायची असते. असं विचारा : आजी पोराशी कशात बोलते? रडताना, चिडताना पोर कशात बोलतं? गुरुजींचं किती समजतं? आलेलं उत्तर आहे तसं लिहायचा आग्रह धरा. वडारी तर वडारी. लिपी नसली तरी रकान्यात नाव देवनागरीत मावतं. संगणकाच्या यादीत नाव नसेल तर "इतर"वर समाधान मानू नका. मुख्याध्यापकाला लेखी द्या, पोच घ्या, अशा पोचा तालुक्याला गोळा करा. उद्या आकडे मांडायला त्याच लागतील.

तीन. जात असो, बापाचं काम असो, भाषा असो, वर्गात पुकारायची नाही. माहिती घ्यायची ती पालकाकडून, बाजूला घेऊन. आणि का घेता हे आधी सांगायचं. कशाला पाहिजे हे ज्याला सांगता येत नाही, त्याला विचारायचा अधिकार नाही.

चार. भाषा लिहिली की लगेच विचारा, आता पुढं काय? बोली जाणणारं माणूस वर्गात कधी येणार? की नुसतीच नोंद? नुसत्या नोंदी आपण पिढ्यान् पिढ्या देत आलोय. त्या बदल्यात काहीतरी घ्यायला शिकलं पाहिजे. आणि नोंद करून पोराला मागच्या बाकावर टाकलं तर त्या बाकावरून त्याला उठवायला आपणच जायचं.

पाच, आणि हे लिहिणाऱ्यांसाठी. बाप, गाव, तारीख, जात हे रकाने आपल्या पुस्तकांनी भरले. भाषेचा भरायचा बाकी आहे. माळावरची पोरं आता लिहायला लागलीत. त्यांची कविता आपल्याकडं आली की तिला "शुद्ध" करून छापू नका. आपणही टेबलापलीकडं जाऊन बसलो तर गुरुजीत आणि आपल्यात फरक तो काय?

७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका पोराचं नाव दाखल झालं. भिवा रामजी आंबेडकर, रजिस्टर क्रमांक १९१४. घराण्याचं मूळ आडनाव सकपाळ, गाव आंबडवे. २०१७ पासून राज्य सरकार हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. त्या नोंदीसमोर त्या पोराची स्वतःची सही आहे. आपण ती फोटोत बघतो, हात जोडतो, पुढं जातो. मला त्या सहीचा अर्थ एवढाच लागतो की रजिस्टरावर कुणी काहीही लिहो, आपल्या हातची एक खूण तिथं असली पाहिजे. येत्या जूनमध्ये प्रत्येक आईला ती खूण करायच्या आधी विचारा, "मावशी, यात लिवलंय ते खरं हाय का?" आणि ती सांगेपर्यंत पेन खाली ठेवायला लावा.

जय भीम.